धोका कोणाला, धोका कोणाचा

आमच्या घरात फ्लू मी आणला. फ्लू घरात येऊ नये याची जबाबदारीही माझ्याकडेच होती.

मी सुरतजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. म्हणजे इतरांना जिथे नुसती शिडी दिसते तिथे मला शिडीवरून पडलेला माणूस दिसतो, आणि त्याबद्दल मला पगार मिळतो. सवय वाईट! घरीही मी जिना उतरताना कठडा धरतो, गॅसजवळ वाळत घातलेला टॉवेल उचलतो, आणि लोचोच्या, म्हणजे त्या वाफाळत्या सुरती फरसाणाच्या, गाडीवर गेलो तर आधी सिलिंडरची नळी तपासतो, मग लोचो मागतो. (तोवर बायकोची दुसरी प्लेट झालेली असते.)

घरात आम्ही चौघं. मी सुधाकर बोरसे, वय चव्वेचाळीस. बायको वैशाली, मराठी शाळेत शिक्षिका. मुलगी केतकी, अकरावीत. ती आमच्याशी बोलते मराठीत आणि भांडते गुजरातीत. आणि माझी आई, जिला आम्ही सगळेच माय म्हणतो. माय तीन वर्षांपूर्वी अमळनेरहून आमच्याकडे सुरतच्या पाल भागात राहायला आली. वय बहात्तर, साखर आहे, दमा आहे, आणि अहिराणीशिवाय दुसरी भाषा बोलायची वेळ तिच्यावर सुरतेत अजून आलेली नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या हसुमतीबेन गुजरातीत बोलतात, माय अहिराणीत बोलते, आणि रोज दुपारी चार वाजता खालच्या बाकावर दोघींचं एकमेकींना पूर्ण पटतं.

दिवाळी संपली, पोंकचे, म्हणजे हुरड्याचे, ठेले लागले आणि जो तो खोकायला लागला. मी मायला तिच्या नेहमीच्या तपासणीसाठी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई मूळच्या नागपूरच्या, त्यामुळे मराठीत बोलतात आणि खडसावून बोलतात.

"मावशी, तुम्हाला फ्लूचा धोका जास्त आहे," त्या म्हणाल्या. "वय आहे, साखर आहे, दमा आहे. लस घेऊन टाका. लसीचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात, तोवर जरा गर्दी टाळा. आणि घरातल्या सगळ्यांनीच घ्या."

एवढ्या बोलण्यातून माझ्या कानात 'धोका जास्त' हे दोनच शब्द शिरले. धोका म्हटलं की माझे कान टवकारतात. पुढचं ऐकायला ते मोकळे राहत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन गेलो. मायने लस घेतली, वैशालीने घेतली, केतकीने डोळे मिटून "ओ मा!" करत घेतली. माझी पाळी आली आणि कारखान्यातून फोन आला: कोणीतरी हेल्मेट न घालता टाकीवर चढलं होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून पंधरा मिनिटं त्या माणसाच्या जिवाची काळजी वाहिली. परत आत आलो तोवर पुढचे चार पेशंट जाऊन बसले होते.

"पुढच्या आठवड्यात घेईन," मी म्हणालो. "मला काय धाड भरलीय!"

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर घराचा जोखीम-तक्ता मांडला. कारखान्यात आम्ही प्रत्येक कामाला धोक्याचे गुण देतो, तसे घरातल्या माणसांना दिले. वय पासष्टच्या वर, तीन गुण. साखर, तीन. दमा, तीन. माय नऊ गुण मिळवून पहिली आली. शाळेतल्या शिंकणाऱ्या पोरांपायी वैशालीला दोन. केतकीला एक. मला शून्य.

वैशालीने तक्ता उलटा करून पाहिला, मागे काही राहिलंय का म्हणून.

"तुमचं शून्य कसं काय?"

"वय कमी, आजार नाही, सिगारेट नाही."

"आणि कंपनीची बस? पन्नास माणसं, खिडक्या बंद, जाताना एक तास, येताना एक तास."

"एसी बस आहे ती!"

"म्हणजे एकाची शिंक पन्नास जणांना गार करून मिळते."

"वैशाली, हे शास्त्र आहे."

"नखं खाता."

"स्वतःचीच खातो ना!"

"दिवसभर डोळे चोळता. पाच तास झोपता. आणि घरी आल्या आल्या हात न धुता शेवेच्या डब्यात घालता."

"हे तक्त्यात बसत नाही," मी म्हणालो.

"तक्त्यात नसेल बसत, नाकात बसतं," ती म्हणाली आणि वह्या तपासायला निघून गेली.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. नऊ गुणांचं माणूस घरात असताना शून्यावर चर्चा करत बसायला मला वेळ नव्हता. कारखान्यातून आणलेलं एक लाल कार्ड घेतलं, त्यावर जाड पेनाने 'जास्त धोका! आत येऊ नये' असं लिहिलं आणि मायच्या खोलीच्या दारावर चिकटवलं. पंधरा दिवस माय खोलीत राहील. जेवण ताटात आत जाईल. चार वाजताचा बाक बंद.

माय चौथी शिकलेली. दारात उभी राहून तिने एकेक अक्षर लावलं.

"जा...स्त धो...का. कोनले?"

"तुले."

"माले काय व्हयनं शे?"

"काही नाही झालं माय. होऊ नये म्हणून."

"काही व्हयनं नही, तं मंग दारवर पाटी कसानी?"

मी म्हणालो, "तुना भलासाठेच करी राहिनू." माय आत जाऊन पलंगावर बसली. मला वाटलं, तिला पटलं. (सुरक्षा अधिकाऱ्याला असं नेहमी वाटतं.)

पुढे काय घडलं ते मला नंतर तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळ्या भाषांत सांगितलं. तीन दिवस माय बाकावर आली नाही म्हणून गुरुवारी दुपारी हसुमतीबेन आमच्याकडे आल्या. वैशाली शाळेत होती. केतकीने दार उघडलं आणि कानात गाणी घालून परत आपल्या अभ्यासाला गेली. हसुमतीबेन मायच्या दाराशी आल्या आणि त्यांनी पाटी वाचली.

आता मराठीत धोका म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. गुजरातीत 'धोको' म्हणजे कपडे बडवायचं लाकडी दांडकं! हसुमतीबेननी वाचलं: या खोलीत दांडकं जास्त, आत येऊ नये.

त्या हबकल्या. त्यांनी बाहेरूनच मायला (गुजरातीत आईला 'बा' म्हणतात) विचारलं, "बा, तमने कोई मारे छे?"

मायला त्यातलं किती कळलं देव जाणे. तिने आतून लेकाबद्दल आपलं मन मोकळं केलं. "काय सांगू बहीण, मना आंडोर येडा व्हई गया. माले बाहेर निंघू देत नही."

हसुमतीबेनना यातलं 'निंघू देत नही' तेवढं नीट कळलं. तेवढं पुरलं.

संध्याकाळी साडेसहाला मी बसमधून उतरून पार्किंगमध्ये शिरलो तर समोर पाच बायका उभ्या. कोणी हसेना, कोणी 'केम छो' म्हणेना. मधोमध हसुमतीबेन, पदर खोचलेला.

"बोरसेभाई, तमे तो भणेला माणस!"

शिकलेला माणूस म्हणाल्या, म्हणून मी म्हटलं कौतुक चाललंय. "थँक्यू बेन," म्हणालो.

"शरम नथी आवती? बोंतेर वरसनी माने धोको?"

"हा बेन," मी मान डोलावली, "सबसे जादा उसी को है. नौ गुण!"

पाचही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने तोंडावर हात ठेवला.

"नव?" हसुमतीबेनचा आवाज कापला. "रोजना?"

"अब पंधरा दिन तक रहेगा. उसके बाद कम हो जायेगा."

हसुमतीबेन माझ्या अंगावर धावून आल्या असत्या, पण तेवढ्यात केतकी खाली आली. तिने तीन वाक्यांत काय ते ऐकलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही मायला काठीने मारता असं त्यांना वाटतंय!"

मी हादरलो. एवढ्या वर्षांत मी मुंगीलासुद्धा हातमोजे न घालता उचललेलं नाही! घाईघाईने योग्य गुजराती शब्द आठवला. "धोको नहीं बेन, जोखम! जोखम! बानुं जोखम छे!"

मला म्हणायचं होतं, बाला जोखीम आहे. त्यांनी ऐकलं, बा-पासून जोखीम आहे. मी आणखी समजावलं: फ्लू, ताप, खोकला, लांब राहायचं. जितकं समजावलं तितक्या त्या पाच जणी मागे मागे सरकत गेल्या. हसुमतीबेनच्या तर चेहऱ्यावरचा रंगच उडाला, कारण गेली तीन वर्षं बाकावर मायच्या शेजारी त्याच बसत होत्या.

रात्री जेवणं व्हायच्या आत सगळ्या इमारतीला कळलं की बोरसेंच्या बाला कसलातरी भयंकर रोग झालाय आणि मुलाने तो तीन दिवस लपवून ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टची बटणं धुतली. बाकावर कोणीतरी हळद टाकली. (का ते अजून कळलेलं नाही.)

आता गप्प बसून चालणार नव्हतं. गैरसमज पसरला की लगेच माहिती द्यायची, हे मी कारखान्यात दर महिन्याला शिकवतो. मी इमारतीच्या ग्रुपवर जाहीर केलं: रविवारी सकाळी दहा वाजता तळमजल्याच्या हॉलमध्ये 'फ्लूचा धोका कोणाला?' या विषयावर माझं भाषण. (केतकीने 'धोका' खोडून 'जोखम' केलं.)

शनिवारी घसा जरा खवखवत होता. बसमध्ये शेजारी बसणारा फिटर दोन दिवस माझ्या दिशेने शिंकत होता, पण तो तसा सगळीकडेच शिंकत होता. मी मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि भाषणाची तयारी केली.

रविवारी हॉल भरला. सुरतेत रविवारी सकाळी एवढी माणसं फाफडा सोडून कुठे येत नाहीत. पण रोग कोणता ते ऐकायला आली. डास येतात म्हणून खिडक्या बंद केल्या होत्या. मी पहिल्या रांगेपासून दोन हातांवर उभा राहिलो आणि सुरू झालो. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका, साखरवाले, दमेकरी. हात धुवा. तोंडाला हात लावू नका. हे सांगताना मी तीनदा डोळे चोळले, असं केतकी म्हणते. मधूनमधून खोकला येत होता. मी तो सभ्यपणे मुठीत खोकत होतो आणि त्याच मुठीत माइक धरत होतो.

मग प्रश्नोत्तरं. मी म्हटलं, ज्याला प्रश्न असेल त्याने माइकमध्ये विचारावा, म्हणजे मागे ऐकू जाईल. माइक हातोहात फिरला.

"भाई, रात्रे केळुं खावाथी थाय?"

"नाही, केळ्याने होत नाही."

"तो दहींथी?"

"दह्यानेही नाही. विषाणूने होतो."

"विषाणू दहींमां होय?"

"माझ्या मिस्टरांना पंख्याने होतो," जळगावच्या एक वहिनी म्हणाल्या. "पंखा एकवर ठेवला तर नाही होत, तीनवर ठेवला की होतो."

"ओल्या केसांनी झोपलं तर?" एका बाईंनी विचारलं आणि माइक शेजारच्या टक्कल पडलेल्या गृहस्थांना दिला.

"एनुं शुं छे के, एमने वाळ ज नथी," कोणीतरी मागून म्हणालं आणि हशा पिकला.

शेवटी शेवटी माझाच गोंधळ उडायला लागला. थंडीने फ्लू होत नाही म्हणावं, तर मग थंडीतच का होतो? लोक बंद खोल्यांत दाटीने बसतात म्हणून, हे उत्तर मला पाठ होतं. ते मी दिलंही. बंद खोलीत दाटीने बसलेल्या साठ माणसांनी ते मन लावून ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. हसुमतीबेननी तर जवळ येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. "माफ करजो भाई. हवे समजाणुं. बाथी नहीं, बाने जोखम छे."

मी तरंगत वर आलो. मायच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर तिची पिशवी, पिशवीत दोन लुगडी, औषधांचा डबा, आणि माय चष्मा शोधत होती.

"माय, हे काय?"

"माले गावले धाडी दे."

"अगं पण का?"

ती पलंगावर बसली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "खरं सांग भाऊ. माले मोठा आजार शे, आन तुम्ही सांगी नही राहिनात. नहीतं मी तुले जड व्हयनू. दोन्मधलं काय शे ते सांग, मी काही रडाव नही."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सहा दिवस ही बाई चार भिंतींत बसून आपल्याला काय झालंय ते ठरवत होती आणि मी बाहेर गुण मोजत होतो. तिचे हात धरले आणि सगळं सांगितलं, अगदी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तिथपासून. आजार नाही. जड नाही. नुसती लस चढायची वाट. मला काळजी वाटली आणि काळजी कशी करायची ते मला पाटी लावूनच येतं.

मायने सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग मला निरखून पाहिलं आणि झटकन हात सोडवून घेतला.

"आन तू? तू तं कवापासून खोकी राहिना! हात तापेल शे तुना! ऊठ, ऊठ आठून, लांब हो!"

सहा दिवसांत आमच्या घरात सुरक्षेविषयी बोललं गेलेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

दुपारपर्यंत मला एकशे दोन ताप. अंग असं दुखत होतं की जणू हसुमतीबेनना वाटला होता तो धोको माझ्यावर चालला होता. वैशालीने मला आमच्या खोलीत घातलं, खिडक्या सताड उघडल्या, आणि स्वतः केतकीला घेऊन दिवाणखान्यात झोपायला गेली. 

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी नाकात काडी घालून तपासलं. फ्लूच निघाला.

"पण मॅडम, माझा तर धोका शून्य होता," मी मास्कमधून म्हणालो.

"कोणी काढला?"

"मीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बोरसे, फ्लू होण्याचा धोका वेगळा आणि झाल्यावर बिघडण्याचा धोका वेगळा. मावशींना झाला तर बिघडेल, म्हणून त्यांना जपायचं. पण आधी होणार कुणाला? जो रोज पन्नास माणसांत बंद बसमध्ये बसतो, झोपत नाही, हात धूत नाही, डोळे चोळतो त्याला. लस घेतली होती का?"

"पुढच्या आठवड्यात घेणार होतो."

"म्हणजे मावशींना खोलीत ठेवून तुम्ही रोज बाहेरून फ्लू आणायला जात होतात."

वैशाली हळूच म्हणाली, "मॅडम, हे जरा लिहून द्याल का?"

पण पुढचे तीन-चार दिवस मात्र मला हसू आलं नाही. मी रविवारी मायचे हात धरले होते. तिच्या लसीला अजून पंधरा दिवस झाले नव्हते. पडल्या पडल्या मी भिंतीपलीकडचा तिचा खोकला ऐकत असे आणि हा जुना दम्याचा की नवा, ते ओळखायचा प्रयत्न करत असे. दर तासाला मी वैशालीला फोन करायचो, ती पलीकडच्या स्वयंपाकघरातून उचलायची. "मायला ताप?" "नाही. तुमच्या नावाने बोटं मोडताहेत, म्हणजे दम चांगला आहे." वैशालीला दोन दिवस सर्दी झाली आणि गेली, केतकीला काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मायला तपासलं आणि छाती स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर खिचडी खाल्ली.

आठवड्याने, बरा झाल्यावर, मास्क लावून मी खाली उतरलो. पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. बाकावर माय एकटीच ऊन खात बसली होती.

"सगळे कुठे गेले?" मी विचारलं.

"आजारी शेतस," माय म्हणाली, आणि मजल्यामजल्याने नावं घ्यायला लागली. हसुमतीबेन अंथरुणात होत्या. पंखा तीनवर ठेवणाऱ्या वहिनी आणि त्यांचे मिस्टर, दोघंही. केळ्याबद्दल विचारणारे काका, दह्यावाल्या बेन, ओल्या केसांच्या बाई, आणि ज्यांना केसच नाहीत तेही. सात जण! देवाच्या दयेने सगळे उतारावर होते. पण सातही जण रविवारी पहिल्या दोन रांगांत होते, आणि सातही जणांनी माइक हातात घेतला होता.

हजीऱ्याला वीस वर्षं मी लोकांपुढे सुरक्षेवर बोलतो आहे. लोक ऐकतात, जांभई देतात आणि हेल्मेट न घालता टाकीवर चढतात. माझं बोलणं एकाच वेळी सात जणांना लागलं, असं मात्र आयुष्यात पहिल्यांदाच झालं!